अवकाळी येऊन गेला की आधी दावणीत काय पडतंय ते बघा

मंडळी, फाल्गुन-चैत्रात आपल्या नाशिकात आभाळाचा काही भरवसा नसतो. सकाळी गारवा, दुपारी अंगाची लाहीलाही आणि चार वाजले की सटाणा-कळवणकडून काळं भरून येतं. सगळ्यांचा जीव द्राक्षात नाहीतर काढून ठेवलेल्या कांद्यात अडकलेला असतो, ते बरोबरच आहे, पण गोठ्याकडे तेवढ्यात दुर्लक्ष होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गारांपेक्षा जास्त जनावरं पावसानंतरच्या दोन-चार दिवसांत खाण्यातून दगावू शकतात, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

पहिला भिजलेला कांदा. चाळीत टाकता येत नाही, मार्केटला कोणी घेत नाही, मग पाट्याच्या पाट्या गायीपुढे रिकाम्या होतात. हे करू नका हो. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गायीला हे सगळ्यात लवकर बाधतं, शेळ्या-मेंढ्या त्यामानाने जास्त सोसतात. त्रास लगेच दिसत नाही म्हणून माणूस बिनधास्त राहतो, चार-सहा दिवसांनी लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते, डोळ्याच्या आतली कातडी पांढरी पडते, गाय सुस्त होते. दुधाला वास मारतो तो वेगळाच. द्यायचाच असेल तर चांगला निवडलेला, थोडासा, भरपूर वैरणीत मिसळून. सडका, बुरशीचा कांदा थेट खड्ड्यात.

दुसरी ज्वारी. कापणी झालेल्या रानात पाऊस पडला की बुडख्यांना हिरवेगार कोंब फुटतात आणि उन्हाळ्यात हिरवं दिसलं की आपल्याला वाटतं चला सोडू जनावरं. या कोवळ्या फुटव्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, त्याने विषबाधा झाली की त्यालाच किराळ लागणं म्हणतात. जनावराला धाप लागते, थरथरतं, खाली पडतं आणि डॉक्टर येईपर्यंत कधीकधी खेळ संपलेला असतो, कारण सगळं काही मिनिटांत होतं. सोडियम नायट्राईट आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचतं, पण ते डॉक्टरनेच द्यायचं. चाऱ्याची ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नका.

द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीचा पाला शेळ्या-मेंढ्यांना आवडतो, पण पावसानंतर त्याच बागेवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा दुसरं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध मारलेलं असतं आणि मेंढीला जास्त तांबं सोसत नाही. फवारलेल्या बागेतला पाला मेंढ्यांना नकोच, मेंढपाळ शेजारी उतरले असतील तर त्यांनाही सांगा.

गव्हाचा भुसा, कडबा भिजला असेल तर गंजी फोडून उन्हात पसरा, वाळलं की मगच पुन्हा रचा. काळी-हिरवी बुरशी दिसली तर तेवढं काढून फेका, त्यातलं विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. मुरघासाच्या (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगेला गारांनी भोकं पडली असतील तर त्याच दिवशी टेप लावा.

आता कामाचा टाईम. चारा आणणं, शेण काढणं, धुणं-बिणं सगळं दुपारी दोनच्या आत उरकायचं, कारण वादळी पाऊस बहुतेक दुपारनंतरच येतो. ऊन टाळायला संकरित गायींना मुख्य चारा पहाटे आणि रात्री द्या, पाणी मात्र दिवसभर पुढ्यात पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून घ्या, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. आभाळ भरून आलं की जनावर झाडाखाली बांधलेलं असेल तर आधीच सोडवा, मात्र गडगडाट सुरू झाला असेल तर तुम्ही स्वतः धावत जाऊ नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पत्र्याचे हूक आजच आवळून घ्या.

जनावर आजारी वाटलं तर 1962 वर फोन लावा. आणि देव न करो, वीज पडून दगावलंच तर पुरायची घाई नको, आधी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकाचं पोस्टमॉर्टेम. आपत्तीच्या 2022 ते 2026 च्या निकषात दुभत्या गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, शेळी-मेंढीला 4,000 रुपये मदत आहे. कानातला बारा अंकी टॅग नसेल तर तिथे अडचण येते, तो या आठवड्यात मारून घ्या.