ताकायामातील व्यापाऱ्यांची दोन घरे कशी पाहावीत

जपानला जाणारे प्रवासी किल्ले आणि देवळे आवर्जून पाहतात, पण ज्यांच्या पैशावर तिथली गावे नांदली त्या व्यापाऱ्यांच्या राहत्या घरांसाठी वेळ राखून ठेवणारे थोडेच असतात. अशी घरे पाहायची तर गिफू प्रांतातील ताकायामा या डोंगराळ गावी जावे. तिथे ओजिनमाची भागात कुसाकाबे आणि योशिजिमा या दोन घराण्यांची घरे एकमेकांना लागून उभी आहेत. दोन्ही १९६६ साली राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित झाली आणि दोन्ही तिकीट काढून आतून पाहता येतात. एकाच्या सोबतीने दुसरे पाहिले, तरच दोघांचे वेगळेपण ध्यानात येते. म्हणून त्यांच्यासाठी निदान अर्धा दिवस मोकळा ठेवावा.

नागोयाहून ‘हिदा’ ही जलद गाडी साधारण अडीच तासांत ताकायामाला पोहोचवते. तोयामाच्या बाजूने येणाऱ्यांना दीड तास पुरतो. स्थानकापासून ही घरे पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. तरीही थेट तिकडे जाऊ नये, आधी जिन्या पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जिन्या म्हणजे शोगुनच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, अधिकाऱ्यांची कचेरी. १६९२ साली तोकुगावा घराण्याच्या शोगुन राजवटीने स्थानिक कानामोरी सरदारांना इथून हलवून हा प्रदेश थेट आपल्या अंमलाखाली घेतला, कारण हिदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातल्या डोंगरांत उत्तम लाकूड आणि खाणी होत्या. पुढे १८६८ पर्यंत गावाचा कारभार या कचेरीतून चालला. कचेरीला पैसा, माल आणि सावकारी पुरवणारे व्यापारी श्रीमंत झाले खरे. पण घर किती उंच बांधावे, हिनोकीसारखे उंची लाकूड वापरावे की नाही, यावर त्यांना बंधने होती. हा दाब डोक्यात ठेवूनच पुढची घरे पाहायची आहेत.

जिन्याहून नदी ओलांडून सानमाची या जुन्या पेठेतून उत्तरेकडे चालत जावे. पेठेत गर्दी आणि दुकाने भरपूर असतात, तिथे फार रेंगाळू नये. एनाको नावाचा छोटा प्रवाह ओलांडला की गजबज मागे पडते आणि रस्त्याच्या कडेला काळपट तपकिरी लाकडाची लांबलचक दर्शनी बाजू दिसते.

लगेच आत शिरू नये. समोरच्या कडेला उभे राहून घर बाहेरून नीट न्याहाळावे. पागोळीची कड खाली झुकलेली, वरचा मजला बुटका, छपराचा उतार अगदी मंद आणि खिडक्यांवर उभ्या पट्ट्यांच्या दाट लाकडी जाळ्या. या जाळीतून आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला मात्र आतले काही दिसत नाही. घरमालकाची श्रीमंती रस्त्यावरून ओळखू येऊ नये, अशीच ही रचना आहे.

आत जाताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जोडे काढावे लागतातच, त्यामुळे स्वच्छ मोजे हवेत आणि हिवाळ्यात ते जाडच हवेत. लाकडी जमीन बर्फासारखी गार पडते आणि अशा घरांत सर्वत्र ऊब नसते. पाठीवरची पिशवी काढून पोटाशी धरावी, कारण वळताना तिचा धक्का कागदी दाराला किंवा खांबाला लागण्याचा संभव असतो. दारांच्या उंबऱ्यावर आणि तातामी चटयांच्या कापडी काठांवर पाय देऊ नये. सपाता दिलेल्या असतील तर त्या लाकडी जमिनीपुरत्याच, तातामीवर जाण्याआधी काढायच्या. बैठकीच्या खोलीत एका भिंतीला थोडा उंचावलेला कोनाडा असतो. तिथे चित्र टांगतात, फुले मांडतात. त्यावर बसणे किंवा सामान टेकवणे हे देवघराच्या चौरंगावर बसण्याइतकेच अनुचित मानले जाते. माझ्या मते या नियमांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हात आवरणे: त्या खांबांची झळाळी पिढ्यान्पिढ्यांच्या पुसण्यातून आलेली आहे, आणि बोटांचा घाम ती हळूहळू घालवतो.

आता क्रम. आधी कुसाकाबे, मग योशिजिमा. कुसाकाबे घराणे ‘तानिया’ या नावाच्या पेढीखाली व्यापार करत असे आणि शोगुनच्या कचेरीचे मानकरी व्यापारी होते. १८७५ च्या मोठ्या आगीत त्यांचे आधीचे घर जळाले, आणि कावाजिरी जिसुके या सुतार-स्थपतीने १८७९ साली आजचे घर उभारले. सालाकडे लक्ष द्यावे: शोगुनशाही संपून अकराच वर्षे झाली होती आणि जुनी बंधने उठली होती. म्हणूनच पूर्वी ज्याला मनाई होती ते हिनोकी लाकूड इथे सढळपणे वापरलेले आहे. मेइजी काळात, म्हणजे शोगुनशाहीनंतरच्या सम्राटाच्या राजवटीत, बांधलेल्या घरांपैकी असा राष्ट्रीय दर्जा मिळवणारे हे पहिले घर.

दारातून आत येताच पायाखाली मातीची चोपलेली जमीन लागते. इथेच थांबावे आणि वर पाहावे. बाहेरून बुटके वाटलेले घर इथे एकदम उंच होते. मध्ये माळा नाही, नजर सरळ छपरापर्यंत जाते. प्रचंड तुळया एकमेकींवरून आडव्या-उभ्या गेलेल्या दिसतात. त्यातल्या पाइनच्या तुळयांचा नैसर्गिक बाक तसाच ठेवलेला आहे. एखादी वाकडी तुळई सरळ खांबात जिथे शिरते ती जागा शोधून काढावी. बाकाच्या वळणाप्रमाणे खाच कोरलेली असते आणि सांध्यात फट दिसत नाही. घाईने फिरणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि माझ्या मते या घरातली पाहण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.

मग चुलीच्या चौकोनी खड्ड्याकडे वळावे. वरून लोंबणाऱ्या आकड्याला किटली अडकवलेली असते. आकडा वर-खाली सरकवून आच कमी-जास्त करता येते. या चुलीच्या धुराने तुळया काळ्या झाल्या, आणि त्याच धुराने कीड दूर राहून लाकूड टिकलेही. पुढच्या खोल्या व्यवहाराच्या, त्यामागच्या पाहुण्यांच्या आणि कुटुंबाच्या, आणि सर्वांत मागे जाड मातीच्या भिंतींची कोठारे. लाकडी गावात आगीची भीती कायम असे, म्हणून मोलाच्या वस्तू मुख्य घरात न ठेवता अशा कोठारांत ठेवत. आता तिथे मातीची भांडी, लाखकामाच्या वस्तू, रोजच्या वापरातली साधने मांडलेली आहेत. घर लोककला संग्रहालय म्हणून खुले झाले, त्यामागे १९२० च्या दशकात यानागी सोएत्सु यांनी चालवलेल्या चळवळीची प्रेरणा आहे. अनामिक कारागिरांनी बनवलेल्या नित्याच्या वस्तूंतले सौंदर्य ओळखावे, हा तिचा आग्रह होता.

इतकी कारागिरी एका आडगावात कुठून आली, असे वाटेल. आठव्या शतकातल्या कायद्याने हिदाच्या लोकांना काही कर माफ होते; त्याऐवजी दर पन्नास घरांमागे दहा सुतार राजधानीत कामाला पाठवायचे होते. नारा आणि क्योतोतली देवळे व राजवाडे बांधण्यात या माणसांचे हात लागले, आणि तेव्हापासून हिदाचे सुतार जपानभर नावाजले गेले.

योशिजिमा घरात पाऊल टाकले की फरक लगेच जाणवतो. हे घराणे साके हे तांदळाचे मद्य गाळण्याच्या धंद्यातले. त्यांचे १८७६ साली बांधलेले घर १९०५ च्या आगीत गेले आणि निशिदा इसाबुरो या सुताराने ते १९०७ साली पुन्हा उभे केले. कुसाकाबेत लाकडाचे वजन जाणवते, तर इथे त्याचा हलकेपणा. मातीच्या जमिनीवर उभे राहून वर पाहिले, तर तुळया आणि आखूड उभे खांब मिळून पोकळीतच एक चौकटींचे जाळे विणलेले दिसते, आणि उंचावरच्या खिडकीतून आलेला प्रकाश त्यावरून घरंगळत खाली येतो. स्थानिक लोक पहिल्या घराला पुरुषी आणि दुसऱ्याला स्त्रीसारखे नाजूक म्हणतात. मला हे विभाजन फारसे पटत नाही, पण दोन सुतारांचे स्वभाव वेगळे होते हे मात्र खरे. प्रकाशासाठीच इथे सकाळी यावे आणि वीसेक मिनिटे एकाच जागी बसून तो खांबांवर कसा सरकतो ते पाहावे.

वेळेबाबत दोन सूचना. सुटीचे वार आणि बंद होण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकाबाहेरच्या पर्यटन केंद्रात विचारून घ्यावे आणि येनमध्ये रोख रक्कम जवळ ठेवावी. छायाचित्रे कुठे काढता येतील हेही दारातच विचारावे; फ्लॅश आणि तिपाई टाळलेलीच बरी. ९ आणि १० ऑक्टोबरला याच भागात शरद उत्सव असतो, कोरीवकामाचे उंच रथ बाहेर निघतात आणि रस्ते माणसांनी भरून जातात. पूर्वी या रथांचा खर्च अशाच धनिक व्यापाऱ्यांनी उचलला, त्यामुळे उत्सव जरूर पाहावा, पण घरे त्या दोन दिवसांत पाहू नयेत. रथ एरवीही पाहता येतात: योशिजिमा घराहून थोडे उत्तरेला साकुरायामा हाचिमान देवळाच्या आवारात त्यातले काही बारा महिने मांडलेले असतात, आणि घरांच्या तुळयांवर काम करणारे हात रथांच्या कोरीवकामात किती बारीक उतरले, हे तिथे अगदी जवळून पाहता येते.