दिवस मोजायचे की किलो? नाशिकमध्ये कार्बनच्या किमतीचं काम शिकताना

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून नाशिकला परतलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, क्लायमेट पॉलिसीत काम करायचंय, दिल्ली गाठू का?" मी म्हणते, गाठ, पण आधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दोनेक वर्षं काढ. कार्बनला किंमत लावा, प्रदूषणावर शुल्क घ्या, अशी भाषणं करणारे पुष्कळ आहेत. ज्यावर शुल्क घ्यायचं ते मोजणाऱ्यांची मात्र वानवा आहे.

सुरुवात फॉर्म पाचपासून करा. कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, घेतलेल्या कारखान्याला हे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरावं लागतं. मालामागे पाणी किती लागलं, कच्चा माल किती, सांडपाण्यातून आणि धुराड्यातून काय बाहेर गेलं, सगळं त्यात येतं. गेल्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून फॉर्म पुढे ढकलणारे महाभागही भेटतील. तुम्ही वीजबिलं, डिझेलच्या पावत्या आणि स्टॅक मॉनिटरिंगचे, म्हणजे धुराड्यातला धूर मोजल्याचे, रिपोर्ट समोर घेऊन बसा. महिन्याला दहा हजार युनिट वीज जळत असेल तर युनिटमागे साधारण ०.७ किलो धरून सात टन कार्बन डायऑक्साइड होतो. डिझेलचे लिटरमागे सुमारे २.७ किलो. कार्बनचा हिशेब मंडळ यात मागत नाही, पण कागद तेच असतात, म्हणून हात तिथेच बसतो.

मग दंडाचं सूत्र सोडवा. केंद्रीय मंडळाच्या पर्यावरण भरपाईच्या सूत्रात पाच गोष्टींचा गुणाकार असतो: उद्योगाच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण. नाशिक शहरातला ऑरेंज, म्हणजे मधल्या प्रदूषणाच्या, वर्गातला मध्यम कारखाना दहा दिवस चुकला, तर ५० × १० × २५० × १ × १.२५, म्हणजे १,५६,२५० रुपये. आता नीट बघा. यात दिवस आहेत, किलो कुठेच नाहीत. मर्यादेच्या जरा वर गेलेला आणि दुप्पट धूर सोडणारा, दोघांचं बिल एकच. मर्यादेच्या आत राहून आणखी कमी करणाऱ्याच्या हाती तर काहीच पडत नाही, कारण कन्सेंटची फीसुद्धा धुरावर नाही, भांडवली गुंतवणुकीवर ठरते. राज्याचं हवामान धोरण भक्कम करायचं तर माझ्या मते आधी ही फट बुजवायला हवी. दंड आहे, किंमत नाही.

किलोवर किंमत लावता येते याचा दाखला सापुताऱ्यापलीकडे आहे. सुरतमध्ये २०१९ साली गुजरातच्या मंडळाने धूलिकणांचा बाजार सुरू केला. सुमारे ३०० कारखाने, धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं, एकूण उत्सर्जनाला वरची मर्यादा आणि तेवढ्याच किलोंचे परवाने. कमी सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकायचे. धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले. सगळा डोलारा त्या यंत्रांच्या आकड्यांवर उभा होता, हे नोकरीच्या मुलाखतीत जरूर बोला.

कार्बनचं म्हणाल तर केंद्राची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. ती सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद अशा मोठ्या उद्योगांसाठी आहे, म्हणून अंबडचा लघुउद्योजक निवांत असतो. पण युरोपला नट-बोल्ट पाठवत असेल तर त्याची झोप उडवणारी गोष्ट वेगळी आहे. युरोपच्या सीमेवरचं कार्बन शुल्क, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झालं. पैसे तिथला आयातदार भरणार, पण आकडे तो इथून मागणार. गंमत म्हणजे पोलादी मालासाठी विजेचं उत्सर्जन सध्या यात धरत नाहीत. मोठा आकडा येतो तो विकत घेतलेल्या पोलादातून. म्हणजे वायर रॉडच्या, ज्यापासून नट-बोल्ट बनतात त्या पोलादी तारेच्या, पुरवठादाराकडून माहिती काढणं हेच निम्मं काम, आणि तो सहजासहजी देत नाही. अशा कामाला सध्या इथे मागणी आहे.

परीक्षांपैकी ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ऊर्जा व्यवस्थापक आणि लेखापरीक्षकाची परीक्षा द्या. व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चार. पात्रतेच्या अटी अर्जाआधी वाचा. दुसऱ्या पेपरातले बॉयलर आणि फर्नेस पुस्तकातून डोक्यात शिरत नसतील तर ओळखीने एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू भट्टीत तापवून कडक करायच्या, शेडमध्ये पाळीभर उभे राहा. रात्रपाळी मिळाली तर उत्तम, ऑपरेटरला तेव्हा बोलायला वेळ असतो.