कोकरांचा खुराक: पोत्यावरच्या प्रोटीनआधी गव्हाणीचा तळ बघा

इंदूरला सोयाची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, शोधावी लागत नाही, छावणीच्या मंडीकडे चौकशी केली की भाव कळतो. त्यामुळे आमच्याकडे नवीन मेंढीपालक भेटला की पहिला प्रश्न हाच: "किती टक्के प्रोटीन घालू?" मी त्याला आधी संध्याकाळी गव्हाणीत काय उरतं ते बघायला सांगतो.

भरडा आणि पेंडेची पूड एकत्र दिली, तर कोकरू नाकाने पूड बाजूला सारून मक्याचे कण वेचतं. ओल्या नाकाने तळाशी लगदा होतो आणि मग त्याला ते तोंडही लावत नाही. तुमचं महागडं प्रोटीन नेमकं त्या लगद्यात असतं! धीट कोकरू नुसता मका खाऊन पोटात आम्ल वाढल्याने आजारी पडतं, बुजरं उपाशी राहतं.

म्हणून मी मका दळतच नाही. दूध तुटलेलं कोकरू अख्खा दाणा नीट चावतं आणि तो पोटात सावकाश पचतो. बाकी सगळ्याच्या 4 ते 6 मिलिमीटरच्या गोळ्या पाडून घ्यायच्या आणि मक्यात मिसळायच्या. शंभर किलोला मका 56, सोया डीओसी 15, मक्याचं डीडीजीएस 15, गव्हाचा कोंडा 10, चुनखडीची पूड 2, मीठ 1, मेंढ्यांचं मिनरल मिक्श्चर 1. प्रोटीन साधारण 17-18 टक्के बसतं. मिनरल गायीम्हशींचं घेऊ नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस जनावर अचानक दगावतं.

डीडीजीएस म्हणजे इथेनॉल कारखान्यातून उरलेला माल. डीओसीत 44 ते 48 टक्के प्रोटीन, मक्याच्या डीडीजीएसमध्ये 27-30, तांदळाच्यात 45च्या आसपास. तेव्हा माल कशाचा आहे ते विचारूनच घ्या. डीडीजीएसमधलं प्रोटीन पोटातल्या जंतूंच्या तावडीतून जास्त सुटून आतड्यापर्यंत पोचतं, पण त्यात लायसिन हा प्रोटीनचा गरजेचा घटक कमी असतो. ती उणीव डीओसी भरून काढते, म्हणून ही जोडी मला पटते. मूठभर हातात घेऊन वास घ्या. सोनेरी आणि गोडसर वासाचं चांगलं. कॉफीसारखं काळपट, जळका वास येणारं परत करा, त्यातलं प्रोटीन उष्णतेने बांधलं गेलेलं असतं. पावसाळ्यात पोती फळ्यांवर ठेवा, बुरशी लागली तर फेकून द्या. सरकीची ढेप मी लहान कोकरांना देतच नाही, सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याचा धोका कशाला?

गोळी कितीही चांगली असली तरी सोबत हरभऱ्याचं कुटार हवंच. बारीक दळलेलं खाऊन रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, कोकरं एकमेकांची लोकर ओढू लागतात. लेंड्या सुट्या असाव्यात. चिकटून पडू लागल्या की खुराक त्याच दिवशी कमी करा.

नराकडे वेगळं लक्ष द्या. डीडीजीएस आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, त्यातून मुतखडा होतो. चुनखडी त्यासाठीच आहे, ती वाचवू नका. पाणी स्वच्छ आणि दिवसभर समोर हवं. नर पाय ताणून उभा राहिला, कुंथतोय पण लघवी थेंब थेंबच येते असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

आणि पोतं बदललं तर दहा-बारा दिवस जुन्यात नवं मिसळत न्या.