ट्रायथलॉनचा दिवस: सगळे निर्णय आदल्या संध्याकाळीच संपवा

कोल्हापुरात ट्रायथलॉनचा, म्हणजे लागोपाठ पोहणे, सायकल आणि धावणे अशा स्पर्धेचा, सराव मन लावून करणाऱ्यांची वाण नाही. रंकाळ्याभोवती धावणारे आणि पन्हाळ्याच्या चढावर सायकल दामटणारे पहाटेपासून दिसतात. तरीही पहिल्याच स्पर्धेत अनेकांची वेळ घसरते, आणि त्याचे कारण दमसासाची कमतरता हे क्वचितच असते. मोजे कुठे ठेवायचे, केव्हा काय खायचे, पाण्यात घाबरायला झाले तर काय करायचे, हे आधी ठरवलेले नसते. म्हणून माझा आग्रह असा की, स्पर्धेच्या सकाळी एकही निर्णय नव्याने घ्यावा लागू नये.

येथे डोळ्यांसमोर ऑलिंपिक अंतर धरले आहे: 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून खेळले जाते ते हेच अंतर. स्प्रिंट प्रकारात ते बरोबर निम्मे होते. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत सरावाचे अंतर निम्म्यापर्यंत खाली आणावे, मात्र अधूनमधून थोडा वेळ स्पर्धेच्या गतीने सराव चालू ठेवावा. शेवटच्या दोन दिवसांत जास्तीचा सराव करून ताकद वाढत नाही, पाय तेवढे जड होतात.

आदल्या संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांना निग्रहाने नकार द्यावा. तिखट आणि तेलकट जेवण पोटात रेंगाळते आणि त्याचा त्रास सायकलवर वाकून बसल्यावर सुरू होतो. वरण-भात, दही-भात किंवा तूप लावलेली चपाती आणि साधी भाजी पुरेशी आहे, आणि तीही लवकर खावी. सकाळचा नाश्ता स्पर्धेच्या दोन ते तीन तास आधी झाला पाहिजे. तो सरावाच्या दिवसांत अनेकदा खाऊन पचवलेलाच असावा. आयोजकांनी दिलेले ऊर्जेसाठी खायचे अनोळखी जेल त्या दिवशी पहिल्यांदा चाखू नये.

ट्रान्झिशनची, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेण्याच्या आणि सायकल ठेवून धावायला निघण्याच्या जागेची, मांडणी ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी एक लहान टॉवेल अंथरावा, त्यावर पुढे सायकलचे बूट आणि मागे धावण्याचे बूट ठेवावेत, आणि मोज्यांची तोंडे बोटांपर्यंत गुंडाळून ठेवावीत, म्हणजे ओल्या पायांवर ते न अडकता चढतात. हेल्मेट हँडलवर उलटे ठेवून त्याचे पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे सोडावेत, आणि गॉगल त्याच्या आत उघडून ठेवावा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि ती जागेवर परत ठेवल्याशिवाय तो काढायचा नाही. या नियमाची चूक पंचांच्या नजरेतून सुटत नाही. स्पर्धेचा नंबर कमरेच्या बेल्टवर लावावा, म्हणजे सायकलवर तो पाठीकडे आणि धावताना पुढे फिरवता येतो. टायरमध्ये आदल्या दिवशीच काटोकाट हवा भरून सायकल उन्हात उभी करू नये, कारण उष्णतेने दाब वाढतो. हवा स्पर्धेच्या दिवशी पहाटे पंपाने भरावी. शेवटी पाण्यातून बाहेर येण्याच्या जागेपासून आपल्या सायकलपर्यंत एकदा चालत जावे आणि रांगेची खूण लक्षात ठेवावी, कारण धाप लागलेली असताना सगळ्या रांगा सारख्याच दिसतात.

तलावातले पोहणे टँकपेक्षा वेगळे असते. तळाशी रेघ नसते, टेकायला भिंत नसते आणि पाणी गढूळ असते. त्यामुळे शिवाजी विद्यापीठाजवळच्या राजाराम तलावासारख्या मोकळ्या पाण्यात, जेथे पोहण्यास परवानगी असेल तेथे आणि जाणकार सोबतीला घेऊनच, आधी सराव झालेला असावा. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशादर्शक फुगा पाहावा. नवख्याने सुरुवातीला कडेला आणि मागे उभे राहावे. गर्दीत लागणाऱ्या लाथा टाळण्यासाठी अर्धा मिनिट गमावणे परवडते. छातीत धडधड झाली, श्वास अडकल्यासारखा वाटला, तर लगेच पाठीवर वळून लांब श्वास सोडावेत. सुरक्षा-नौकेला धरून थांबता येते. तिच्या आधाराने पुढे सरकले नाही तर सहसा बाद ठरवत नाहीत. छातीत दुखू लागले, तर मात्र हात वर करून पाण्याबाहेर यावे, स्पर्धा तिथेच संपवावी.

सायकलवर पहिली काही मिनिटे हलका गिअर ठेवून श्वास बसू द्यावा आणि मगच खाणे-पिणे सुरू करावे. दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत: मध्यम केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात, आणि आपल्याकडच्या गुळाचा 25 ग्रॅमचा खडाही जवळपास तेवढेच देतो. पाण्याचे घोट तहानेनुसार आणि थोडे थोडे घ्यावेत. नुसते पाणी भरमसाट पिणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम घटते. म्हणून एका बाटलीत क्षार मिसळलेले पाणी असावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊनंतर ऊन चढू लागते, तेव्हा ही बाटली धावण्याच्या आधीच संपवावी.

सायकलवरून उतरल्यावर गतीचा अंदाज फसतो: आपण सावकाश धावतो आहोत असे वाटते, पण घड्याळ उलटे सांगते. पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धावावा. अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम खाली न बसता काही मिनिटे चालत राहावे, घोटाभर पाणी घ्यावे, वेळ नोंदवणारी टायमिंग चिप परत करावी आणि नंबर दाखवून सायकल ताब्यात घ्यावी.