फ्लॉपी आजही वापरायची असेल तर

हसा खुशाल, पण माझ्याकडे जुन्या डीटीपीच्या (म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या) कामाच्या फ्लॉप्यांचे अजून तीन डबे आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा चालतात. कोणाला हौस असेल किंवा घरी एखादा डबा सापडला असेल तर सांगतो कसं करायचं.

आधी ड्राइव्ह. आताच्या मदरबोर्डवर फ्लॉपीची केबल लावायला जागाच नसते, म्हणून यूएसबीवाला बाहेरचा घ्यायचा, विंडोजमध्ये लावला की सहसा ए ड्राइव्ह म्हणून आपोआप दिसतो. हा फक्त साडेतीन इंचीसाठी, सव्वापाच इंचीची ती मोठी लवचिक फ्लॉपी असेल तर याचा काही उपयोग नाही. आणि 'नवीन' म्हणून ज्या फ्लॉप्या विकतात त्या पण पडून राहिलेल्याच समजा, सोनीनेसुद्धा 2011 मध्ये बनवणं थांबवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. पुढची झडप बोटाने सरकवून धरा, मागचा धातूचा गोल हळूहळू फिरवा आणि आतली चकती उजेडात तिरपी धरून बघा, ती काळपट, चकचकीत, सगळीकडे सारखी दिसायला हवी. पांढुरके ठिपके दिसले की समजायचं बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच. मी एकदा आळस केला, न बघता घातली, खर्रर्र आवाज आला, हेडला (ड्राइव्हमधला चकती वाचणारा भाग) घाण लागली आणि नंतर घातलेल्या दोन चांगल्या फ्लॉप्यांवर पण गोल चरे पडले. बोंबला.

जुना डेटा वाचायचा असेल तर कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जाणार नाही (कॅसेटचा टॅब तोडायचो ना, तसंच). मराठी फाइल उघडल्यावर अगम्य काहीतरी दिसलं तर घाबरू नका, फाइल बहुतेक ठीक असते, ती युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधली असते, तोच फॉन्ट टाका नाहीतर कन्व्हर्टर वापरा.

नवीन काही ठेवायचं तर खिटी परत बंद करून फॉरमॅट मारा, क्विक फॉरमॅटची टिक काढून, म्हणजे बॅड सेक्टर, म्हणजे चकतीवरचे खराब झालेले भाग, तेव्हाच कळतात. एक जरी निघाला तरी मी ती फ्लॉपी सरळ बाजूला टाकतो. 1.44 एमबीवाल्या फ्लॉपीवर प्रत्यक्षात जागा मिळते 14,57,664 बाइट, मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा मावणार नाही. पण साधा मजकूर? यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही 3 बाइट लागतात, तरी साधारण पावणेपाच लाख चिन्हं मावतात, म्हणजे आख्खी कादंबरी. मोठी फाइल असेल तर सेव्हन-झिप या फाइल दाबून लहान करायच्या प्रोग्रॅममध्ये तुकडे करताना 14,57,664 हाच आकडा टाका, फक्त एक तुकडा गेला की सगळंच गेलं, म्हणून मी हे टाळतो.

कॉपी करताना दिवा लागलेला असेपर्यंत फ्लॉपी काढू नका. प्रत्येक फाइल दोन फ्लॉप्यांवर ठेवा आणि एक प्रत हार्डडिस्कवर पण, एकट्या फ्लॉपीच्या भरवशावर मी तरी काही ठेवत नाही. डबा स्पीकरपासून (त्यातल्या चुंबकामुळे) लांब आणि आत सिलिका जेलच्या पुड्या.

आणि हो, लेबलवर आधी लिहा, मग चिकटवा, जुन्यावर नवीन चिकटवू नका, कडा सुटली की फ्लॉपी ड्राइव्हमध्येच अडकते आणि मग चिमटा शोधत बसावं लागतं.