टीव्हीवर जेलीफिन सर्व्हर सापडत नसेल, तर तपासणी कोठून सुरू करावी

घरातल्या जुन्या संगणकावर जेलीफिन हा मीडिया सर्व्हर (घरातल्या इतर उपकरणांना चित्रफिती पुरवणारा प्रोग्रॅम) बसवून त्यावर साठवलेले चित्रपट, गाणी आणि लग्नामुंजींच्या चित्रफिती टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहण्याची सोय आता पुष्कळ घरांत झालेली दिसते. एम्बी या तशाच प्रणालीने आपला सोर्स कोड (मूळ आज्ञावली) सर्वांसाठी खुला ठेवणे बंद केल्यावर तिच्या आधीच्या मुक्त आवृत्तीवरून २०१८ च्या डिसेंबरमध्ये जेलीफिनची सुरुवात झाली. या इतिहासापेक्षा वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की प्लेक्स या अशाच दुसऱ्या प्रणालीत जसे कंपनीचे मध्यवर्ती खाते असते आणि गरज पडल्यास कंपनीच्या यंत्रणेमार्फत जोडणी करून दिली जाते, तसे येथे मध्ये कोणीही नसते. सर्व्हर, राउटर आणि टीव्ही यांनी आपापसांत एकमेकांना शोधायचे असते. ते जमले नाही तर दोष घरातच कोठेतरी असतो आणि तो घरबसल्या शोधता येतो, ही त्यातली समाधानाची बाजू.

‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ हा संदेश मात्र फारसा उपयोगाचा नाही, कारण सर्व्हर बंद पडलेला असो, त्याचा पत्ता बदललेला असो किंवा फायरवॉलने (बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने) वाट अडवलेली असो, टीव्हीवर शब्द तेच उमटतात. म्हणून टीव्हीपाशी बसून ॲप काढून पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये. तपासणी सर्व्हरपासून सुरू करून एकेक टप्पा बाहेर सरकत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि जोडणी सुरू झाली, तर नेमके काय बिघडले होते हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून करावे लागते.

सर्व्हर स्वतः चालू आहे का

ज्या संगणकावर जेलीफिन बसवले आहे त्याच संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहावे, त्यापुढे विसर्गचिन्हासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह देऊन ८०९६ हा पोर्ट क्रमांक (संगणकातल्या त्या सेवेच्या दाराचा क्रमांक) टाकावा. (येथे शब्द आणि अंक देवनागरीत छापले असले, तरी पत्ते आणि पुढे येणाऱ्या आज्ञा इंग्रजी कळफलकावरूनच टंकाव्यात, देवनागरी अंक टंकले तर ब्राउझर त्यांना पत्ता मानेलच अशी खात्री नाही.) प्रवेशाचे पान उघडले तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष पुढच्या वाटेवर आहे. पान उघडले नाही, तर राउटर आणि टीव्हीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

विंडोजवर उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी जेलीफिनचे चिन्ह दिसते का ते पाहावे. सेवा म्हणून बसवले असेल तर ‘सर्व्हिसेस’च्या यादीत ते चालू आहे का ते पाहावे. लिनक्सवर ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने जेलीफिन सेवेची स्थिती विचारता येते. सेवा सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर लॉगच्या, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहीत असलेल्या नोंदींच्या, शेवटच्या काही ओळींत कारण बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. डिस्क पूर्ण भरणे हे एक नेहमीचे कारण आहे. दुसरे म्हणजे ८०९६ हा पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने धरलेला असणे. मूळ एकच असल्यामुळे एम्बीचाही नेहमीचा पोर्ट ८०९६ आहे, म्हणून दोन्ही सर्व्हर एकाच यंत्रावर ठेवून पाहणाऱ्यांना ही अडचण हटकून येते. मोठी नवी आवृत्ती बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना जेलीफिन आपली माहितीची नोंदवही नव्या रचनेत बदलून घेते आणि संग्रह मोठा असेल तर त्याला बराच वेळ लागतो. अशा वेळी पान उघडत नाही म्हणून संगणक मध्येच बंद करणे हा घात आहे. लॉगमध्ये काम पुढे सरकताना दिसत असेल, तर थांबावे.

पत्ता बदलला आहे का

सर्व्हरवर पान उघडते पण त्याच वाय-फायवरच्या मोबाइलवर उघडत नाही, अशा तक्रारींत माझ्या मते सर्वांत आधी पत्त्याचाच संशय घ्यावा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर तात्पुरता आयपी पत्ता वाटून देतो आणि हा पत्ता कायमचा असेलच असे नाही. उन्हाळ्यात वीज जाऊन येते, राउटर आणि संगणक वेगवेगळ्या क्षणी पुन्हा सुरू होतात, आणि काल १९२.१६८.१.२० वर असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.२४ वर जाऊन बसतो. टीव्हीचे ॲप मात्र जुन्याच दारावर टकटक करत राहते.

सध्याचा पत्ता पाहण्यासाठी विंडोजच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. घरातला पत्ता साधारणपणे १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होतो. काही राउटर १७२.१६ ते १७२.३१ यांमधलेही पत्ते देतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा आधी तार, वाय-फायचा पासवर्ड आणि राउटर पाहावा. पत्ता ठीक असेल तर तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पोर्ट क्रमांकासह टाकावा आणि त्याच्या आधी साधे ‘एचटीटीपी’ स्पष्ट लिहावे. हल्लीचे ब्राउझर आपणहून त्याला सुरक्षिततेचा ‘एस’ जोडू पाहतात आणि ८०९६ या पोर्टवर तशी जोडणी होत नसल्यामुळे सर्व्हर उत्तम चालत असतानाही पान उघडत नाही.

पत्ता खरोखरच बदललेला आढळला, तर टीव्हीमध्ये नवा पत्ता भरून काम तात्पुरते भागते, पण पुढची वीज जाईपर्यंतच. कायमचा उपाय राउटरच्या पानावर असतो: ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशा नावाच्या विभागात सर्व्हरच्या मॅक पत्त्यापुढे (त्याच्या नेटवर्क जोडणीच्या ठरलेल्या ओळख क्रमांकापुढे) एक आयपी पत्ता राखून ठेवावा. संगणक तारेने आणि वाय-फायने असा दोन्हींनी जोडलेला असेल, तर त्या दोहोंचे मॅक पत्ते वेगळे असतात, म्हणून जी जोडणी वापरायची आहे तिचाच पत्ता नोंदवावा. संगणकावरच हाताने स्थिर पत्ता भरण्यापेक्षा मला ही पद्धत बरी वाटते, कारण सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते आणि राउटर तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला देऊन बसत नाही. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बहुतेक डेस्कटॉप संगणकांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. ती याच बैठकीत चालू करून ठेवावी आणि संगणक झोपी जाण्याची, म्हणजे ‘स्लीप’ची, वेळ बंद करावी.

एकाच घरात दोन नेटवर्क

पत्ता बरोबर असूनही मोबाइलवर पान उघडत नसेल, तर दोन्ही उपकरणे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे पाहावे. ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरच्या पुढे आपण स्वतःचा दुसरा राउटर जोडला, तर पुष्कळदा दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात: सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१ या मालिकेतला आणि टीव्हीचा १९२.१६८.० या मालिकेतला. मग एका बाजूने दुसरीकडे जाता येते, पण उलट जाता येत नाही, असा गोंधळात टाकणारा प्रकार होतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवण्याच्या, पद्धतीवर ठेवला की हा प्रश्न मिटतो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवर इंटरनेट चालते, पण घरातली इतर उपकरणे मुद्दाम लपवलेली असतात, म्हणून टीव्ही चुकून त्यावर जोडलेला नाही ना, तेही पाहावे. मोबाइलवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक वेगळ्या खासगी वाटेने नेणारी सोय) चालू असेल तर ते तात्पुरते बंद करून पाहावे.

फायरवॉलची अडवणूक

येथपर्यंत सगळे ठीक असेल, तर फायरवॉलकडे वळावे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवते आणि पब्लिक ठरवलेल्या नेटवर्कवर बाहेरून येणाऱ्या जोडण्या अधिक कडकपणे अडवते. घरचे वाय-फाय पब्लिक म्हणून नोंदले गेले असेल तर ते प्रायव्हेट करावे आणि जेलीफिनला फायरवॉलमधून परवानगी आहे याची खात्री करून घ्यावी. उबुंटू या लिनक्सवर ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल चालू असेल तर ८०९६ हा टीसीपी पोर्ट त्यात मोकळा करावा लागतो. पिंगच्या (उपकरण प्रतिसाद देते का ते पाहणाऱ्या आज्ञेच्या) उत्तरावर येथे विसंबू नये: विंडोजची फायरवॉल पिंग अडवते तरीही सर्व्हर चालत असू शकतो, आणि उलट पिंगला उत्तर मिळूनही पोर्ट बंद असू शकतो. पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेला पत्ता आणि पोर्ट दोन्ही दिले, तर त्या पोर्टपुरते निश्चित उत्तर मिळते. संशय पक्का करण्यासाठी फायरवॉल मिनिटभर पूर्ण बंद करून पाहण्यास हरकत नाही, मात्र उपाय म्हणून ती तशीच बंद ठेवू नये.

मोबाइलच्या ब्राउझरवर पान उघडते, पण टीव्हीच्या ॲपमधल्या यादीत सर्व्हरचे नाव दिसत नाही, ही वेगळी आणि किरकोळ गोष्ट आहे. ॲप सर्व्हरला शोधण्यासाठी ७३५९ या यूडीपी पोर्टवर नेटवर्कभर हाक मारते आणि ती हाक वाटेत कोठेही हरवू शकते. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत) नेहमीच्या ‘ब्रिज’ पद्धतीने जेलीफिन चालवले असेल, तर ती आतपर्यंत पोहोचतच नाही. त्यावर श्रम घेण्याऐवजी टीव्हीमध्ये पूर्ण पत्ता हाताने भरावा.

क्वचित दोष जेलीफिनच्या स्वतःच्या नेटवर्क विभागात असतो. सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकावे याचा एक रकाना तेथे आहे. त्यात कोणी जुना आयपी पत्ता भरून ठेवला असेल, तर पत्ता बदलताच सर्व्हर पोहोचण्यापलीकडे जातो. मग पानच उघडत नसल्यामुळे तो रकाना तेथून दुरुस्तही करता येत नाही. अशा वेळी सेवा थांबवून, सेटिंगच्या फोल्डरमधल्या ‘नेटवर्क डॉट एक्सएमएल’ या फाइलची प्रत काढून ठेवावी, मूळ फाइलमधला तो पत्ता पुसावा आणि सेवा पुन्हा सुरू करावी.

जोडणी होते, पण चित्र थांबते

संग्रह उघडतो, पण चित्रपट सुरूच होत नाही किंवा दर मिनिटाला अडखळतो, ही तक्रारही बहुतेक जण जोडणीच्याच खात्यात टाकतात. चित्रपट बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील, तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती डिस्क त्याच अक्षराने किंवा त्याच जागी जोडली गेली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नावे आणि भित्तिपत्रके (पोस्टर) दिसतात पण काहीच चालत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

डिस्क ठीक असेल, तर चित्रपट चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड (व्यवस्थापनाचे पान) उघडून तो थेट जातो आहे की सर्व्हर त्याचे रूपांतर करतो आहे, हे पाहावे. कारणही तेथे लिहिलेले असते. टीव्हीला न समजणारा चित्राचा प्रकार असला, किंवा उपशीर्षके अक्षरांऐवजी चित्रांच्या स्वरूपात असली, की सर्व्हरला संपूर्ण चित्रपट चालता-चालता नव्याने घडवावा लागतो आणि जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकात तर चित्र नव्याने घडवण्याची हार्डवेअर सोयच नाही. अशा वेळी उपशीर्षके बंद करून किंवा साध्या अक्षरांची फाइल जोडून पाहावे आणि संगणकात चित्र नव्याने घडवणारी इंटेलची क्विक सिंक ही हार्डवेअर सोय असेल तर ती प्लेबॅकच्या विभागात चालू करावी. थेट जाणारा चित्रपटही अडखळत असेल, तर वाय-फायचा संशय घ्यावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी जाड भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेला असतो. निदान सर्व्हर तरी तारेने जोडावा. अनेक टीव्हींचे तारेचे पोर्ट मात्र १०० मेगाबिटचेच असतात, त्यामुळे फोर-केच्या अवजड फाइलींसाठी तेथे चांगले वाय-फाय तारेपेक्षा सरस ठरू शकते.

घराबाहेरून पाहायचे असेल तर

सांगलीच्या घरातली मुंजीची चित्रफीत न्यू जर्सीतल्या मुलीला पाहायची असेल, तर अडथळा वेगळाच असतो. राउटरच्या पानावर ‘वॅन’चा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहावा आणि ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल, तर ब्रॉडबँड कंपनीने बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. मग राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईमुळे ही पद्धत रूढ झाली आहे. कंपनीकडून शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे हा एक मार्ग आहे.

मी मात्र टेलस्केलसारख्या व्हीपीएनची शिफारस करेन. ते सर्व्हरवर आणि मुलीच्या उपकरणावर बसवले, की पोर्ट उघडावे लागत नाहीत आणि ८०९६ हा असुरक्षित पोर्ट जगासमोर येत नाही. टेलस्केलही आपल्या उपकरणांना याच १००.६४ पासूनच्या मालिकेतले पत्ते देते, तेव्हा ते पाहून गोंधळू नये. मुलीने ॲपमध्ये सर्व्हरचा टेलस्केलवरचा पत्ता ८०९६ सह भरावा आणि तरीही नकार मिळाला, तर जेलीफिनच्या नेटवर्क विभागात बाहेरून जोडणी करू देण्याची खूण केलेली आहे का, ते पाहावे. यानंतर जोडणी होऊनही चित्र अडखळले, तर घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग मोजावा आणि डॅशबोर्डमधली इंटरनेटवरून पाठवण्याची बिटरेट (दर सेकंदाला जाणाऱ्या माहितीची) मर्यादा त्याच्यापेक्षा थोडी खाली ठेवावी.