युद्धात निर्णय अर्धवट ठेवू नका, या चुका टाळा

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि आमच्याकडे एनडीए, एसएसबी म्हणजे लष्करात अधिकारी व्हायच्या परीक्षा-मुलाखतींची तयारी करणारी पोरं इतिहास विचारायला येतात. त्यांच्या उत्तरांत एकच चूक परत परत दिसते, निर्णय बरोबर होता की चूक एवढंच बघतात, पण निर्णय घेतल्यावर त्यात जीव किती ओतला हे कोणी बघतच नाही. लढाई बरेचदा तिथेच हातातून जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जिंकल्या जिंकल्या ढिलं पडणं. १ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि लक्ष्मीबाईसाहेबांनी ग्वाल्हेर घेतलं. इंग्रजांच्या बाजूने असलेले ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे तोफा घेऊन शहराजवळच्या मुरारकडे बाहेर पडले होते, पण त्यांचंच सैन्य फुटलं आणि ते आग्र्याला निघून गेले. आठवड्यापूर्वी काल्पी गमावून आलेल्या लोकांच्या हाती एका दिवसात किल्ला, तोफा, खजिना सगळं आलं! आणि मग काय, फुलबागेत दरबार, पेशवाईची द्वाही, पोशाख, जेवणावळी. बाईसाहेबांना हे मुळीच पटत नव्हतं, आधी फौज नीट लावा असं त्यांचं म्हणणं होतं, हे आमच्याकडे घरोघरी सांगतात. हातात होते जेमतेम पंधरा दिवस.

तिकडे इंग्रज सेनापती ह्यू रोज उन्हाने पार खचलेला, फौजेचा निरोपही घेऊन झाला होता, रजेवर जायचं होतं. ग्वाल्हेर गेल्याचं कळलं आणि गडी रजा सोडून परत उभा राहिला, ६ जूनला काल्पीहून निघाला आणि १६ ला मुरारवर चालून आला. आमचा जून ज्यांनी काढलाय त्यांनाच कळेल हे काय असतं ते, दुपारी बाराच्या पुढे इथे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. शत्रू होता, पण शिकण्यासारखं ते शिकावंच. ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायच्या लढाईत बाईसाहेब धारातीर्थी पडल्या आणि २० तारखेपर्यंत किल्लाही गेला. म्हणून पोरांना सांगतो, जिंकलात की त्याच संध्याकाळी पुढच्या नाक्यावर कोण जाणार ते ठरवा, सत्कार मागाहून.

दुसरी चूक, सगळ्यांनी मिळून लढायची वेळ आणि एकाने काठावर बसायचं. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, यशवंतराव होळकर बाजूला राहिले. कारणं खोटी नव्हती, त्यांचे भाऊ विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिलेलं, १८०२ ला हडपसरला होळकर-शिंदे आपसातच भिडलेले, मनं कशी जुळणार? पण असई, लासवारी या लढाया शिंदे हरले, ३० डिसेंबरला शिंद्यांनी तह केला, आणि १८०४ ला होळकर उतरले तेव्हा एकटे. इंग्रज अधिकारी मॉन्सनला त्यांनी आग्र्यापर्यंत मागे रेटलं, इतकी ताकद होती! तीच वर्षभर आधी लागली असती तर, हा विचार करून अजून जीव हळहळतो. तेव्हा युतीत "आम्ही पाठीशी आहोत" एवढ्यावर भागवू नका, कोणाची किती फौज, कुठे, कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या.

आता उलटी चूक, थांबणं म्हणजे कच खाणं असं समजणं. १९७१ च्या एप्रिलमध्ये लष्करप्रमुख माणेकशांनी इंदिराजींना पाकिस्तानशी युद्ध आत्ता नको म्हणून सांगितलं. मग डिसेंबरात उतरले ते तेरा दिवसांत ढाका. कारगिलमध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हे आधीच ठरलं होतं, पण रेषेच्या अलीकडे हात आखडता घेतला नाही, आमच्या महाराजपुरा हवाई तळाची मिराज विमानंसुद्धा त्यात उतरली. मर्यादा घालून घेणं वेगळं आणि अर्ध्या मनाने लढणं वेगळं, पोरं इथे हमखास गोंधळतात.

आपला निर्णय अर्धवट आहे का हे ओळखायचं असेल तर राखीव तुकडीबद्दल विचारा. ती कधी आणि कुठे वापरायची हे आधी ठरलेलं असेल तर ठीक, नुसतीच "असू दे जवळ" म्हणून ठेवली असेल तर मनात भीती आहे, योजना परत मांडा.

१८ जूनला फुलबागेत बाईसाहेबांच्या समाधीवर याल तेव्हा फुलं वाहून झाल्यावर स्वर्णरेखा नाल्यापर्यंत चालत जा, मुरारकडे तोंड करून उभे राहा आणि वहीत काढा, १ ते १६ जूनमध्ये तुम्ही कुठल्या तोफा कुठे लावल्या असत्या. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या.